अ‍ॅटलासमधील सोबती

आफ्रिका खंडाच्या वायव्य कोपऱ्यात मोरोक्को देशाला तिरपी छेदून जाणारी अ‍ॅटलास पर्वताची जी रांग आहे, तिचे सर्वांत उंच शिखर तुबकाल हे होय. त्याची उंची ४,१६७ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या अडीचपटीहून किंचित अधिक. आज या शिखरावर जाणे ही तरुण प्रवाशांना दोन-तीन दिवसांची गोष्ट वाटते. माराकेश शहरापासून सुमारे ६५ किलोमीटरवर इमलिल नावाचे गाव आहे. मोटारीने तेथवर जावे, सामान खेचरावर लादावे, अक्रोडाच्या आणि सफरचंदाच्या बागांमधून वर चढत ३,२०७ मीटर उंचीवरच्या आसरागृहात रात्र काढावी आणि पहाटेच्या अंधारात शिखराकडे निघावे, असा हा परिपाठ आहे. हिवाळ्यात गेल्यास बर्फ तुडवावे लागते, उन्हाळ्यात गेल्यास घसरत्या दगडगोट्यांशी झुंजावे लागते. प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांत या सर्व प्रकाराला ‘साहस’ म्हटलेले असते आणि त्याबरोबर निर्मनुष्य, अस्पर्श निसर्गाचे चित्रही रंगवलेले असते.

त्यांपैकी साहस खरे आहे. निर्मनुष्यतेची गोष्ट मात्र इतिहासाला धरून नाही. या पर्वताच्या प्रत्येक खोऱ्याला धनी आहे, प्रत्येक कुरणाला कायदा आहे आणि प्रत्येक वाटेवर कोणाचा ना कोणाचा शब्द चालत आलेला आहे. येथे परका माणूस किती धाडसी आहे याला फारसे महत्त्व नव्हते. त्याच्या सोबतीला कोण आहे, हा प्रश्न पहिला होता. अ‍ॅटलासमधील प्रवासाचा इतिहास हा बऱ्याच अंशी या सोबत्याचा इतिहास आहे, आणि तो शिखरांच्या इतिहासापेक्षा मला अधिक विचार करण्याजोगा वाटतो.

या सोबत्याची पहिली ठसठशीत ओळख आपल्याला इब्न बतूताच्या प्रवासवृत्तात होते. टांजिअर येथे १३०४ साली जन्मलेला हा प्रवासी आपल्याला परका नाही. महंमद तुघलकाच्या पदरी दिल्लीस तो काजी होता, आणि १३४२ साली चीनच्या वकिलातीवर निघाला असता दौलताबादेहून पुढे गेला. देवगिरीचा किल्ला, मराठे लोक आणि नंदुरबारचे कुशल कारागीर व वैद्य यांचा उल्लेख त्याने केला आहे. पुढे मायदेशी परतल्यावर १३५२ च्या फेब्रुवारीत तो अ‍ॅटलासच्या दक्षिणेस असलेल्या सिजिल्मासा या बाजारपेठेतून एका काफिल्याबरोबर सहारा ओलांडण्यास निघाला. त्या वाटेवर काफिला एका ‘तक्षीफ’ला पुढे पाठवीत असे. हा एकटा माणूस वाळवंट तुडवून पलीकडच्या वलाता गावी पत्रे पोहोचवी, मग तेथले लोक पाणी घेऊन चार मजला सामोरे येत. तक्षीफ वाटेत मेला तर मागून येणाऱ्या काफिल्याचेही मरण ओढवे. इब्न बतूताच्या काफिल्याने या कामासाठी शंभर मिस्काल सोने मोजले. त्यांच्या वाटाड्याचा एक डोळा गेलेला होता आणि दुसरा आजारी होता. तरीही वाट त्याच्याइतकी कोणास ठाऊक नव्हती, हे इब्न बतूता नवलाने नमूद करतो. परतीच्या वाटेवर, १३५३ च्या अखेरीस, सिजिल्मासाहून फेझकडे जाताना त्याला अ‍ॅटलासचे बर्फ लागले. बुखारा, समरकंद, खुरासान येथील बर्फ पाहिलेल्या या माणसाला अ‍ॅटलासमधील ती वाट सर्वांहून बिकट वाटली. ज्याने हिंदुकुश ओलांडला होता त्याचा हा अभिप्राय आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

पुढील काळात मोरोक्कोचे दोन भाग मानले जात. जेथे सुलतानाचा सारा वसूल होई तो ‘बिलाद अल्-मखझन’, आणि जेथे त्याला धर्माचा प्रमुख म्हणून मानीत, पण सारा मात्र देत नसत, तो ‘बिलाद अस्-सिबा’. मखझन म्हणजे कोठार. आपला खजिना हा शब्द त्याच धातूपासून आलेला आहे, आणि राज्यसंस्थेला कोठाराचे नाव देणाऱ्यांच्या व्यवहारज्ञानाचे कौतुकच केले पाहिजे. दोन्ही भागांमधील सीमा पक्की नसे. सुलतान बलवान असला की ती डोंगर चढे, दुर्बळ झाला की मैदानात उतरे. उंच अ‍ॅटलासचा बराचसा मुलूख सिबामध्ये मोडत असे. तेथे सुलतानाचा परवाना दाखविणे निरर्थक होते, कधी कधी तर ते अपायकारक होते.

मग व्यापारी, फेरीवाले, यात्रेकरू तेथून जात कसे? त्यांच्यासाठी ‘झत्ताता’ नावाची रीत होती. एखाद्या टोळीच्या मुलुखातून जावयाचे असल्यास त्या टोळीतील वजनदार माणूस गाठावा, त्याच्याशी रक्कम ठरवावी आणि त्याचे अभय घ्यावे. मग तो स्वतः, अथवा त्याचा मुलगा किंवा चाकर, ‘झत्तात’ म्हणून प्रवाशाबरोबर चाले. आपल्या टोळीची हद्द संपली की शेजारच्या टोळीतील आपल्या स्नेह्याच्या हाती तो प्रवाशाला सोपवी. असे हातोहात जात प्रवासी मुक्कामी पोहोचे. या अभयाला ‘मेझराग’, म्हणजे भाला, असेही नाव होते. आश्रयदात्याचा भाला हीच त्याच्या शब्दाची खूण समजत. अशा पाहुण्याला कोणी लुटले, तर तो अपमान पाहुण्याचा नसून झत्ताताचा आणि त्याच्या घराण्याचा होई, आणि त्याची भरपाई रक्ताने करून घेण्यात येई.

आपल्याकडील राजपुताना व गुजराथ येथे मालाच्या तांड्याबरोबर चारण आणि भाट सोबत म्हणून जात, त्याची येथे आठवण होते. चारण प्रसंगी स्वतःच्या अंगावर शस्त्र चालवून लुटारूंच्या माथी ब्रह्महत्येसारखे पाप मारण्याची धमकी देई. अ‍ॅटलासमधील झत्तात सूडाची धमकी देई. साधन निराळे असले तरी उद्देश एकच. सरकार जेथे पोहोचत नाही तेथेही माल पोहोचलाच पाहिजे, आणि तो पोहोचविण्याची व्यवस्था माणसे करतातच. सरकारी नोकरीत अनेक वर्षे घालविलेल्या माणसाने हे मान्य करावे हे थोडे विनोदी दिसेल, पण ते खरे आहे.

एकोणिसाव्या शतकातील युरोपीय प्रवाशांना ही रीत समजण्यास वेळ लागला. १८७१ साली जोसेफ हुकर हा वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन बॉल व जॉर्ज मॉ या दोन सहकाऱ्यांसह अ‍ॅटलासमध्ये आला. हिंदुस्थानच्या वनस्पतींवरील त्याच्या ग्रंथांमुळे हुकरचे नाव आपल्याकडे परिचित आहे. बॉल हा इंग्लंडच्या आल्पाइन क्लबचा पहिला अध्यक्ष होता. हुकरला मुलूखगिरीचा एक कडू अनुभव पूर्वीच आलेला होता. १८४९ साली सिक्कीममध्ये दिवाणाच्या मर्जीविरुद्ध सीमेवर हिंडल्यामुळे त्याला आणि दार्जीलिंगचा अधिकारी कॅम्बेल याला कैदेत पडावे लागले होते, आणि त्या निमित्ताने इंग्रजांनी पुढे सिक्कीमचा तराई प्रदेश घशात घातला. मोरोक्कोत तो अधिक सावधपणे आला. टांजिअरच्या इंग्रज वकिलामार्फत त्याने सुलतानाची परवानगी मिळविली आणि बरोबर सुलतानाचे शिपाई घेतले. परंतु शिपायांना डोंगर नको होता आणि डोंगरातील कायदांना हे पाहुणे नको होते. मे महिन्यात ही मंडळी तगारात खिंडीकडे चढली ती हिमवादळात, आणि त्यांना पलीकडचा मुलूख नीटसा दिसलाच नाही. नंतर तेझा नावाच्या शिखरावरून त्यांना दक्षिणेकडील सूस खोरे व अँटी-अ‍ॅटलासची रांग दिसली. त्यांचे प्रवासवृत्त १८७८ साली प्रसिद्ध झाले. वनस्पतींच्या बाबतीत ते मोलाचे आहे, पण प्रत्येक गावात चाललेल्या घासाघिशीची आणि अडवणुकीची जी रडकथा त्यात आहे, तिचे कारण उघड दिसते: सुलतानाचा शिक्का होता, पण डोंगराचा भाला त्यांच्याजवळ नव्हता.

ही रीत ज्याला खरी उमगली तो शार्ल द फूको. फ्रेंच फौजेतून बाहेर पडलेला हा पंचविशीचा तरुण १८८३ च्या जूनमध्ये टांजिअरला उतरला तो ज्यू रब्बीच्या वेषात. ख्रिस्ती माणसाला त्या मुलुखात फिरणे अशक्यप्राय होते. ज्यू माणूस मात्र हीन मानला जाई, म्हणून त्याच्याकडे कोणी लक्ष देत नसे. त्याच्याबरोबर मॉर्दोखाय अबी सरूर नावाचा खरा रब्बी होता. अक्का या दक्षिणेकडील गावचा हा माणूस पूर्वी तिंबक्तूपर्यंत व्यापार करून आलेला होता. फूको तळहातात मावेल एवढ्या वहीत चालता चालता पेन्सिलीने दिशा व वेळ टिपून घेई, आणि रात्री आडोशाला जाऊन ताऱ्यांचे वेध घेई. आपल्या सर्वेक्षण खात्याच्या पंडित नैनसिंगाने १८६६ साली शंभर मण्यांच्या माळेवर पावले मोजत आणि प्रार्थनाचक्रात टिपणे दडवत ल्हासा गाठला होता, त्याचीच ही दुसरी आवृत्ती. फरक इतकाच, की नैनसिंग दुसऱ्यांच्या नकाशासाठी चालला आणि फूको आपल्या स्वतःच्या.

अकरा महिन्यांच्या या प्रवासात फूको झत्तातांच्या हातोहात पुढे सरकत राहिला. या रीतीचे जे वर्णन त्याने केले आहे, त्यावरच पुढील अभ्यासकांनी बरीचशी भिस्त ठेवली. तिच्या दोन्ही बाजू त्याने अनुभविल्या. दक्षिणेस तिसिंत नावाच्या मरूद्यानात हाजी बू रहीम नावाच्या गृहस्थाने त्याला आश्रय दिला, त्याचे खरे रूप कळल्यावरही त्याचे रक्षण केले आणि त्याला पुढे पोहोचविले. फूकोने आपल्या ग्रंथात त्याचे ऋण मोकळ्या मनाने मान्य केले आहे. प्रवास संपत आला असता, १८८४ च्या मे महिन्यात, तिघा झत्तातांपैकी दोघांनीच त्याला लुटले आणि ठार मारावे की नाही याची चर्चा चालविली. तिसरा त्याला कबूल होईना, म्हणून प्राण आणि टिपणे तेवढी वाचली. म्हणजे शब्द मोडणारेही होतेच. पण ज्या समाजात बहुसंख्य लोक शब्द मोडतात तेथे अशी रीत शतकानुशतके टिकू शकत नाही, हेही तितकेच खरे.

१८८५ साली पॅरिसच्या भूगोल मंडळाने फूकोला सुवर्णपदक दिले आणि १८८८ साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मॉर्दोखायविषयी त्यात फारसे गोड लिहिलेले नाही, आणि तो वाचावयास तो जिवंतही नव्हता. पुढे फूको संन्यस्त झाला, सहारात राहू लागला आणि १९१६ साली तामनरासेत येथे मारला गेला. २०२२ साली कॅथलिक चर्चने त्याला संतपद दिले. त्याच्या ग्रंथाचे भवितव्य मात्र संतत्वाहून निराळे होते. त्यातील नकाशे आणि माहिती फ्रेंच फौजेच्या उपयोगी पडली. हाजी बू रहीमने एका पाहुण्याला वाचविले, आणि पाहुण्याच्या वहीतून पुढे तोफांची वाट निघाली. फूकोच्या धैर्याविषयी आदर वाटतो, त्याच्या चिकाटीविषयीही वाटतो; पण या एका गोष्टीचा हिशेब त्याच्या चरित्रकारांनी पुरेसा मांडलेला नाही असे मला वाटते.

वेषांतर सर्वांनाच साधते असे नाही. १८९७ साली कनिंगहॅम ग्रॅहम हा स्कॉटलंडचा लेखक आणि एके काळचा पार्लमेंटचा सभासद तुर्की हकीम बनून अ‍ॅटलासपलीकडच्या तारुदांत गावी निघाला. गुंदाफीच्या कायदाने त्याला वाटेतच अडविले आणि तालात न् याकूब येथील आपल्या गढीजवळ काही दिवस ठेवून घेऊन परत पाठविले. ग्रॅहमची तक्रार फारशी नव्हती. कायद आपल्या मुलुखाचा धनी आहे आणि आपण आगंतुक आहोत, हे त्याने मनोमन मान्य केलेले दिसते. त्याने लिहिलेले पुस्तक तारुदांतला न पोहोचण्याविषयीचे आहे, आणि पोहोचलेल्यांच्या बऱ्याच पुस्तकांहून ते वाचनीय आहे. बर्नार्ड शॉला एका नाटकाची सामग्री त्यातूनच मिळाली.

१९१२ च्या मार्चमध्ये फेझचा तह झाला आणि मोरोक्को फ्रेंचांच्या संरक्षणाखाली गेला. संरक्षण हा शब्द येथेही आला, पण आता त्याचा अर्थ उलटा झाला होता. डोंगरातील टोळ्यांचा प्रतिकार मोडण्यास फ्रेंचांना १९३४ साल उजाडावे लागले. फौजेच्या मागोमाग सडका आल्या आणि सडकांच्या मागोमाग गिर्यारोहक आले. १२ जून १९२३ रोजी मार्की द सगोंझाक आणि त्याचे साथीदार तुबकालच्या माथ्यावर पोहोचले. हा सगोंझाक जुना मुशाफिर होता. स्वातंत्र्याच्या काळात त्याने याच मुलुखात कैदही भोगली होती. १९३८ साली शिखराखाली आसरागृह उभे राहिले, त्याला लुई नेल्त्नेर या भूगर्भशास्त्रज्ञाचे नाव मिळाले, आणि त्याच वर्षी द्रेश व द लेपिने यांची या डोंगरसमूहावरील मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. १९४२ साली तुबकालचे राष्ट्रीय उद्यान झाले.

१९२३ च्या या चढाईला सर्वत्र ‘पहिली’ म्हणतात. पहिली नोंदलेली, असे म्हणणे अधिक प्रामाणिक होईल. उन्हाळ्यात मेंढ्या घेऊन उंच उंच कुरणांवर जाणारे बर्बर धनगर माथ्यावर गेले होते की नाही, याची नोंद कोण ठेवणार? त्यांना चढण्यास काही कारण असले तर ते चढले असतील, नसले तर नसतील. त्यांची भाषा, ताशलहीत, येथील प्रत्येक खिंडीला, ओढ्याला नाव देऊन बसलेली होती. नकाशांवर पदोपदी दिसणारा ‘तिझी’ हा शब्द त्यांचा, त्याचा अर्थ खिंड.

डोंगर त्यांचाच होता याचा सर्वांत चांगला पुरावा शिखरावर नसून कुरणात आहे. उंच पठारांवरील सामुदायिक कुरणांना ‘अग्दाल’ म्हणतात. उकैमेदेन येथील अग्दाल मार्चच्या मध्यापासून ऑगस्टच्या १० तारखेपर्यंत बंद असते. या काळात गवताला फूल येऊन बी पडावे म्हणून कोणाचेही जनावर आत सोडावयाचे नाही, असा नियम आहे. ठरलेल्या दिवशी रेराया आणि उरिका टोळ्यांचे कळप एकदम वर येतात. आपल्याकडील देवराईची किंवा राखलेल्या गायरानाची कल्पना ज्यांना आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. याच पठारावर फ्रेंचांच्या अमदानीत बर्फावर घसरण्याचा खेळ सुरू झाला, आणि पुढे तेथे पाळणे उभारून मोठे क्रीडास्थान झाले. हिवाळा खेळाडूंचा, वसंत गवताचा आणि उन्हाळा मेंढ्यांचा, अशी वाटणी आपोआप झाली. कुरणावर हॉटेले आणि बंगले वाढू लागले तेव्हापासून मात्र ही वाटणी तितकी सोपी राहिलेली नाही.

१९५६ साली मोरोक्को स्वतंत्र झाला. काही दशकांत साहसी पर्यटन वाढले. १९८० च्या दशकात उंच अ‍ॅटलासच्या मध्य भागात, आइत बूगमेझ खोऱ्यातील ताबांत येथे, पर्वतमार्गदर्शकांचे शिक्षण देणारी शाळा निघाली, आणि डोंगरातील मुलगे नकाशा, प्रथमोपचार आणि परभाषा शिकून परवानाधारक मार्गदर्शक होऊ लागले. जो चित्रपट पाहून हजारो लोकांनी तिबेटचे दर्शन घेतल्याचे समाधान मानले, त्या १९९७ सालच्या ‘कुंदुन’मधील तिबेट हा याच देशात, अ‍ॅटलासच्या आसपास उभा केलेला होता, हिमालयाची भूमिका अ‍ॅटलासने वठविली. तुबकालच्या वाटेवर सिदी शमहारूश याचे स्थान आहे. जिनांचा हा राजा मनोविकारांवर उतारा देतो अशी श्रद्धा असल्यामुळे दुखणेकरी माणसे खेचरांवर बसून तेथे जातात, आणि त्याच पायवाटेने रंगीत पिशव्या पाठीवर घेतलेले गिर्यारोहकही वर चढत असतात. मुसलमान नसलेल्यांनी पुलापलीकडे दर्ग्याकडे जावयाचे नाही. तेथे सरबत पिऊन त्यांनी पुढची वाट धरावी.

मार्गदर्शक वाढले तरी बरीच वर्षे एकट्यादुकट्याने फिरण्यास बंदी नव्हती. १७ डिसेंबर २०१८ रोजी इमलिलच्या वर, तंबूत झोपलेल्या दोन तरुण स्कँडिनेव्हियन मुलींचा अतिरेक्यांनी खून केला. मारेकरी त्या खोऱ्यातले नव्हते. खोऱ्यातील लोकांना मात्र ते कृत्य आपल्याच दारात पाहुणा मारला जाण्यासारखे वाटले, आणि इमलिलच्या गावकऱ्यांनी उघडपणे शोक व्यक्त केला. यानंतर तुबकालच्या वाटेवर पोलिसांच्या चौक्या बसल्या आणि परवानाधारक मार्गदर्शकाशिवाय वर जाण्यास मनाई झाली. एकट्याने भटकण्याची हौस असणाऱ्या पाश्चात्त्य प्रवाशांना हा नियम जाचक वाटतो. इब्न बतूताला किंवा तिसिंतच्या हाजी बू रहीमला त्यात नवे असे काही वाटले नसते.

त्यानंतर ८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री अल् हौझ प्रांतात ६.८ तीव्रतेचा भूकंप झाला. इघिल गावाजवळ त्याचा केंद्रबिंदू होता. सुमारे तीन हजार माणसे मेली, त्यांपैकी बहुतेक डोंगरातील माती-दगडांच्या घरांखाली गाडली गेली. ज्या तालात न् याकूबमध्ये ग्रॅहम अडकला होता ते गाव उद्ध्वस्त झाले. जवळच तिनमेल येथे अल्मोहाद राजघराण्याच्या उगमस्थानी उभी असलेली बाराव्या शतकातील मशीद दुरुस्त होत असतानाच ढासळली. दरडी कोसळून सडका बंद पडल्या, आणि कित्येक गावांशी संबंध तुटला. तेव्हा ज्या खेचरांवर एरवी प्रवाशांच्या पिशव्या आणि तंबू चढत, त्यांवर पीठ, पाणी, घोंगड्या आणि औषधे लादून खेचरवाले वर गेले. मोटारीने जेथवर जाता येई तेथून पुढची सारी वाट त्यांची होती, आणि ती त्यांना अंधारातही ठाऊक होती.

काही आठवड्यांत प्रवासी पुन्हा येऊ लागले. इमलिलमधील कित्येकांची घरे अजून उभी राहिलेली नव्हती, पण खेचराला रोज वैरण लागते आणि मिळकतीचे दुसरे साधन खोऱ्यात फारसे नाही. येणाऱ्यांना त्यांनी थांबवू नये असेच त्यांना वाटत होते. आजही तुबकालकडे निघालेल्या प्रवाशाला वाटेवरच्या चौकीत पारपत्र दाखवावे लागते, आणि सोबतीला कोण आहे, हे सांगावे लागते.